संदर्भ : माझे मूळ पत्र

माणसाने एखादी गोष्ट विसरण्याआधीच त्याला तिची आठवण करून देणारा सबंध मावळ तालुक्यात एकच गृहस्थ आहे, आणि त्याची नि माझी भिंत एक आहे. वडगावात घर घेताना मी पाणी पाहिलं, उजेड पाहिला, स्टेशन किती लांब ते पावलांनी मोजलं. शेजारी तेवढा पाहायचा राहिला. त्या चुकीची फळं गेली अकरा वर्षं मला लेखी मिळत आहेत. सकाळी दार उघडलं की कडीला काहीतरी अडकवलेलं असतंच. मी लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दोन डोंगरांच्या मधून उगवणारे दीडशे सूर्य तपासून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला दाराशी पुन्हा 'विषय' आणि 'संदर्भ' वाचायला लागावेत, ही शिक्षा कोणत्या अपराधाची ते मला अजून कळलेलं नाही.

सगळी आळी त्यांना भाऊ म्हणते. तालुक्याच्या एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. म्हणजे आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा, आणि मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं याची चौकशी करायची नाही. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, तीर्थयात्रेला जातात. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून स्वखर्चाने एक जाडजूड रजिस्टर आणि एक लोखंडी ट्रे आणला आणि कचेरी घरी चालू केली. त्यांच्या पत्नी, आळीच्या काकू, होत्या तोवर या कारभाराला थोडा आळा होता. त्या सरळ कागद चुलीत घालत. त्या गेल्या, मुलगी लग्न होऊन आधीच चाकणला गेलेली, आणि तीन खोल्यांच्या घरात भाऊ, रजिस्टर आणि ट्रे एवढेच उरले.

आपण हाताला येईल त्या कागदाला चिठ्ठी म्हणतो. भाऊंना ते पायताण देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं वाटतं. त्यांच्या लेखी चिठ्ठी म्हणजे पाठकोऱ्या कागदावर, तारीख न घालता, जवळच्या माणसाला लिहिलेला मजकूर. टिपण स्वतःपुरतं, ते दुसऱ्याला दाखवायचं नसतं. निरोप तोंडी, लिहिला की तो निरोप राहत नाही. पत्राला तारीख पाहिजे, विषय पाहिजे, नंबर पाहिजे. सूचना सगळ्यांना, समज एकाला. समज पुरली नाही तर ताकीद. आणि ताकीद पुरली नाही तर नोटीस, पण ती शक्यतो आळीत काढू नये, कारण उद्या सुतकाला त्याच माणसाच्या घरी बसायचं असतं. "आणि पोच?" मी एकदा अनवधानाने विचारलं. भाऊंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "पोच हा कागद नव्हे, मास्तर," ते म्हणाले, "तो संस्कार आहे." त्या दिवशी माझ्या दोन लोकल चुकल्या.

वराळ्याहून दूध घालायला येणारा गवळी हा त्यांचा सगळ्यात जुना पत्रव्यवहार. दूध पातळ आलं की पहिल्या दिवशी पातेल्यावर चिठ्ठी, तिसऱ्या दिवशी समज, आठवड्याने ताकीद. एकदा ऐन श्रावणात त्याने ताकीद हातात घेतली, घडी करून खिशात घातली आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमचा मागला कागुद म्हशीला वाचून दावला. ती म्हनती, हिरवा चारा लय झालाय, मी तरी काय करू." भाऊंनी हे उत्तर नाकारलं नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "म्हणणं रास्त आहे. पण तेवढं लेखी दे."

मी तर भिंतीलाच भिंत लावून असल्यामुळे माझ्या वाट्याला सगळेच प्रकार आले. आमच्या शेवग्याची एक फांदी त्यांच्या अंगणात झुकली तेव्हा रीतसर पत्र आलं. मी त्याच संध्याकाळी शिडी लावून फांदी तोडली. भाऊ खाली उभे राहून बघत होते, "जरा डावीकडून घ्या" असं सांगतही होते. तरी पंधरा दिवसांनी कडीला स्मरणपत्र होतं. मी ते हातात घेऊन तसाच त्यांच्याकडे गेलो. भाऊ म्हणाले, "फांदी तुटली हे मला व्यक्तिशः माहीत आहे हो. कार्यालयाला माहीत नाही." माझी बायको म्हणाली, "एक ओळ लिहून द्या आणि सुटा." मी एक ओळ लिहून दिली. तिची पोच आली. मी सुटलो नाही.

आळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी कधी येणार, कुणाचं मांजर कुठे गेलं, एवढं त्यात कळतं. भाऊ रोज सकाळी ग्रुप वाचतात आणि त्यातले दखल घेण्याजोगे मेसेज कागदावर उतरवून त्यांना आवक नंबर देतात. त्या दोन निळ्या खुणांवर मात्र त्यांचा मुळीच विश्वास नाही. "माणसाने पाहिलं एवढंच त्यातून सिद्ध होतं," ते म्हणतात, "मनावर घेतलं हे होत नाही." यावर हसायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चित्रकलेच्या वर्गाचं छप्पर गळतं असे तीन मेसेज मी आमच्या मुख्याध्यापकांना पाठवले होते. तिन्हींखाली निळ्या खुणा होत्या आणि वर्गात अजून बादली होती.

पण भाऊंची खरी हुकमत स्मरणपत्रावर. त्याचे त्यांचे नियम ठरलेले. पंधरा दिवस झाल्याशिवाय पाठवायचं नाही. तीनच्या वर पाठवायचं नाही, आणि तिसऱ्यावर 'अंतिम' लिहायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्मरणपत्रात मूळ मजकूर कधीही घालायचा नाही, फक्त मूळ पत्राचा क्रमांक द्यायचा. "मजकूर घातला की लोक मूळ पत्र वाचायचं सोडतात," हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव. तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही तर मग अर्धशासकीय पत्र. म्हणजे साहेबाने साहेबाला नावानिशी लिहायचं. बाकी मजकूर टाइप केलेला चालतो, पण वर 'प्रिय' हा शब्द स्वतःच्या हाताने, शाईने लिहायचा. सबंध सरकारात माया म्हणून जी काही असेल ती त्या एका शब्दात मावते, असं भाऊ सांगतात. सांगताना थोडे हळवेही होतात.

या वर्षी संक्रांत झाल्यावर भाऊंनी घराची मधली खोली रंगवून घेतली. न्हाणीघरात भिंतीला धरायला कठडा बसवला. मला वाटलं, भाडेकरू ठेवतायत. मी मनातल्या मनात त्या भाडेकरूची कीव केली आणि विषय सोडून दिला. पुढे फेब्रुवारीत एका सकाळी भाऊ स्वतः फाटकाशी आले. हातात बंद पाकीट होतं. "मास्तर, तुम्ही रोज लोणावळ्याला जाता. एवढं आमच्या आक्काला द्यायचं. एक पत्र पोस्टाने गेलंय, उत्तर नाही. पोस्टाचा काही भरवसा राहिला नाही. हे स्मरणपत्र आहे." मी पाकीट घेतलं. अकरा वर्षांत 'नाही' म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. पंचाहत्तरी उलटलेली, काटक, बोलायला तुटक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा वापीला कारखान्यात. लोणावळ्यात बाजारामागच्या चाळीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांनी पाकीट फोडलं, कागद खिडकीकडे धरला आणि मोठ्याने वाचला. "विषय : मूळ पत्राचे उत्तर न मिळाल्याबाबत. संदर्भ : माझे पत्र, जावक क्रमांक सतरा. उपरोक्त पत्रान्वये कळविलेल्या बाबीवर आपला अभिप्राय अद्याप अप्राप्त आहे. तरी तो सत्वर द्यावा." वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, "चा घेनार का?" मी चहा घेतला. उत्तराबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, मी काही विचारलं नाही. घरगुती बाब असेल म्हणून मी मध्ये पडलो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला फक्त लवकर घरी जायचं होतं.

दुसरं स्मरणपत्र मार्चमध्ये नेलं. त्या वेळी आक्का म्हणाल्या, "मेअखेर खोली सोडायचीय. मालकाला हितं ट्रिपवाल्यांसाठी लॉज काढायचंय. ल्योक वापीला चल म्हनतोय. तितलं पानी मला मानवत न्हाई, पन बगू." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू मी काहीतरी बोलणार होतो. मी चहा संपवला. घरी आल्यावर भाऊंना सांगितलं, आक्कांना खोली सोडावी लागणार आहे. भाऊ म्हणाले, "माहीत आहे. ते सगळं मूळ पत्रात आलेलं आहे." मग फोन करून विचारा की, मी म्हणालो. तर म्हणाले, "फोन करतो ना आठवड्याला. तब्येतीची चौकशी होते. पण प्रकरण लेखी चालू असताना त्यावर तोंडी बोललं की फाईल बिघडते." त्या सुमाराला एका गुरुवारी मी त्यांना स्कूटरवर शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला नेलं. दानपेटीत त्यांनी घडी केलेला एक कागद टाकलेला मी पाहिला. विचारलं तर म्हणाले, "गेल्या महिन्यातल्या विनंतीचं स्मरणपत्र." काय विनंती होती म्हटल्यावर म्हणाले, "गोपनीय."

एप्रिलमध्ये तिसरं स्मरणपत्र, त्यावर 'अंतिम'. ते वाचून आक्का उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. चिंचेने घासून लख्ख केलेलं, अंघोळीच्या पाण्याचं, दोन कड्यांचं, भलं थोरलं. "ह्ये आईचं. घिऊन जावा त्याला," त्या म्हणाल्या. "ह्येच मागत आसंल. दुसरं काय हाय माज्याकडं." मी ते घंगाळ मांडीवर घेऊन दुपारच्या लोकलने आलो. समोरच्या बाईंनी कामशेतपर्यंत मला त्याची किंमत विचारली. भाऊंनी घंगाळ पाहिलं. त्याच्या काठावरून एकदा हात फिरवला, "आईचं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी आक्कांच्या नावाने पोच तयार होती. "एक तांब्याचे घंगाळ मिळाले, आभारी आहे. तथापि मूळ पत्राचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे." ती पोच मी आक्कांना दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि त्याबद्दल आजही माझं मला बरं वाटत नाही.

मेच्या मध्याला भाऊ तापाने आडवे पडले. मी औषध घेऊन गेलो तर म्हणाले, "ट्रेमध्ये अर्धशासकीय तयार आहे. उद्या जाताना न्या." मी ट्रेपाशी गेलो. वरच पाकीट होतं. ते उचलताना खालचं गेल्या वर्षीचं पंचांग घसरलं आणि त्याखाली आणखी एक पाकीट दिसलं. त्यावर आक्कांचा पत्ता, कोपऱ्यात 'जावक क्र. १७', तिकीट लावलेलं. तिकिटावर शिक्का नव्हता. कागद कुठे जात नसतो, हे मी तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा समजून घेतलं. त्याला न्यावं लागतं. कचेरीत भाऊ नंबर टाकत, रजिस्टरात नोंद करत आणि पत्र ट्रेमध्ये ठेवत. तेवढ्यावर त्यांच्या दृष्टीने पत्र गेलेलं असे, आणि ते जातही असे, कारण रोज चार वाजता शिपाई येऊन ट्रे रिकामा करी. इथे नोंद झाली होती, ट्रे होता, चार रोज वाजत होते. शिपाई नव्हता. आतून भाऊंनी विचारलं, "मिळालं का?" मी मिळालं म्हणालो आणि दोन्ही पाकिटं पिशवीत घातली. त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

आक्कांकडे गेलो तेव्हा दाराशी दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. मी त्यांना सतरा नंबरचं पाकीट आधी दिलं आणि चुकलं कसं ते सांगितलं. त्यांनी ते फोडलं. या वेळी मोठ्याने वाचलं नाही. वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. वर विषय होता, 'वडगाव येथे कायम वास्तव्यास येणेबाबत'. खाली मुद्दे होते. एक, मधली खोली रिकामी असून रंग दिला आहे. दोन, न्हाणीघरात धरावयास कठडा बसविला आहे. तीन, आपली खोली मेअखेर रिकामी करावयाची असल्याचे समजते. चार, एकट्याने जेवण जात नाही. तरी याबाबत आपला अभिप्राय सत्वर कळवावा. मुद्दा क्रमांक चारनंतर मला पुढचं नीट दिसेना.

"येवडंच व्हतं व्हय," आक्का म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मास्तर, मला वाटायचं पत्र आलं आसंल नि मीच कुटंतरी ठिवून इसरले. आता ह्या वयात डोकं चालंना झालं ह्ये कुनाला सांगायचं? म्हनून कुनाला इचारलं न्हाई. सगळे डबे हुडकले. त्यो मला बोलावंल म्हनून वाट बगत व्हते, नि त्यो आपला नुसता उत्तर मागतोय." मी म्हणालो, आता कळलं ना, मग चला वडगावला. त्यांनी ट्रंकांकडे पाहिलं. "परवा लेकाला हो म्हनाले. सून माज्या भरवशावर कामाला लागली. नातू लहान हाय. आता कसं फिरायचं?" अर्धशासकीय पत्र त्यांनी फोडलं नाही. नुसतं वरच्या वर चाचपून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

पण वापीला जाण्याआधी त्या आठ दिवस वडगावला आल्या. आल्या दिवशीच त्यांनी सतरा नंबरचं पाकीट भाऊंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुजं पत्र मिळालं बरं का. लय चांगलं लिवलंस." भाऊंनी पाकीट उलटंसुलटं केलं. कोऱ्या तिकिटावर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. "शिपाई नाही ना इथे," ते अगदी हळू म्हणाले. उठून रजिस्टर काढलं आणि सतराव्या नोंदीपुढची तारीख लाल शाईने बदलली. त्या रजिस्टरात खाडाखोड तेवढी एकच आहे.

ते आठ दिवस आमच्या कडीला काही आलं नाही. भिंतीपलीकडून दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज यायचा. आक्का भावाला भाजी वाढून घ्यायला लावायच्या, तो नको नको म्हणायचा आणि खायचा. गवळ्याला त्या दारातूनच "आरं, पानी कमी घाल" असं ओरडून सांगायच्या, आणि दूध खरंच घट्ट यायला लागलं. भाऊंनी त्यात व्यत्यय आणला नाही. नवव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. आळी अरुंद, म्हणून गाडी तोंडाशीच थांबली. ट्रंका पोचवायला मी होतो. भाऊ मागून येत होते. आक्का आत बसल्या, दार लागलं, इंजिन सुरू झालं, तेव्हा भाऊ खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "आक्का, राहा की गं."

आक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या गालावर ठेवला. "ह्ये संक्रांतीला म्हनला आसतास," त्या म्हणाल्या, "तर मी चालत आले आसते रं."

गाडी हायवेला लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. ऊन चढलं होतं. भाऊ रस्त्याकडेच बघत होते. माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "मास्तर, मी राहा म्हणालो. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"स्पष्ट ऐकू आलं?"

"स्पष्ट."

त्यांनी मान हलवली. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही सावकाश घराकडे निघालो.